एका गाण्यापुरती शांतता

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लिफ्टमध्ये एकटी असले की जीव मुठीत धरून उभी असते, आणि होडीत बसायचं म्हटलं की आधी बहाणे शोधते. तरी माझं पोट चालतं ते हिंडण्यावरच. जाहिरातींच्या शूटिंगला कुणाला जुना जिना हवा असतो, कुणाला हिरवी भिंत, आणि मी ती जागा शोधून देते. आमच्या धंद्यात याला रेकी म्हणतात. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझ्या भटकंतीची सवय आहे, पण या वेळची रेकी जाहिरातीची नव्हती, प्राचीची होती.

प्राची माझी धाकटी मावसबहीण. घाटकोपरला मावशीबरोबर राहते, शाळेत संगीत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गिटार घेऊन छोट्या कॅफेंमध्ये स्वतःची गाणी गाते. मागे ना कंपनी, ना मॅनेजर, नुसती गिटार आणि गळा. गेल्या हिवाळ्यात त्या गळ्यात गाठ निघाली, नेमकी स्वरयंत्रावर. मुलुंडचे डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण काढावी लागेल, पुढच्या शुक्रवारी काढू. आवाज असाच राहील ना, असं प्राचीने विचारलं.

"बहुतेकांचा चांगला राहतो," ते म्हणाले. "पण अगदी हाच राहील, असं मी सांगू शकत नाही."

तोवर बोलणं कमी आणि गाणं बंद. प्राचीने भाजीवाल्याशी करतात तशी घासाघीस करून त्यांच्याकडून एक सवलत मिळवली. एकच गाणं, एकदाच, आणि ताण न देता.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "ताई, व्हिडिओ करायचा. गच्चीच्या गाण्याचा. उघड्यावर, एका टेकमध्ये, तिथल्या तिथे गाऊन."

"आणि मध्येच कुत्रा भुंकला तर?"

"म्हणून तर तू आहेस ना."

ते गाणं मावशीवर आहे. मावशी दर उन्हाळ्यात बिल्डिंगच्या गच्चीवर कोकमाची सोलं वाळत घालते, त्यावर. 'गच्चीवर वाळतंय आमचं गाव' अशी त्याची पहिली ओळ. खुद्द त्या गच्चीवर शूट करता आलं असतं, पण शेजारच्या सोसायटीचं पाडकाम चालू आहे आणि दिवसभर ड्रिल घुमतं. स्टुडिओ तिला नको होता, गाण्यात वारा हवा होता. थोडक्यात, मुंबईच्या उपनगरात मला चार मिनिटांची शांतता शोधायची होती, आणि गाणारीला दुसरा टेक नव्हता. त्या रात्री मी झोपले नाही.

शनिवारी पहाटे निघालो. आम्ही दोघी आणि विल्सन, माझा जुना दोस्त, बोरिवलीचा साउंड रेकॉर्डिस्ट. त्याची पद्धत ठरलेली आहे. जागेवर पोचलं की कुणीतरी रेकॉर्डरसमोर जागेचं नाव आणि वेळ बोलायची, आणि मग मिनिटभर सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. त्या जागेची स्वतःची शांतता अशी टिपून घेतात, तिला रूम टोन म्हणतात. त्या मिनिटात हललात तरी विल्सन डोळे वटारतो. नाव बोलायचं काम प्राचीने मागून घेतलं. म्हणाली, एवढं बोलणं मला परवडतं.

मुलुंड पश्चिमेला बिल्डिंगा संपतात तिथे लगेच डोंगर सुरू होतो. घाटकोपरहून पहाटे रिक्षा केली तर अर्ध्या तासात पोचता. जंगलाच्या कडेला पाटी आहे, बिबट्याचा वावर, एकटे फिरू नये. पाटीखालच्या खुर्चीत वॉचमन शाल पांघरून बसला होता.

"मॅडम, थोडं उजाडू द्या ना," तो म्हणाला. "आत्ताच वर गेलाय."

"कोण?"

"कोण म्हणजे? तोच."

मी दोन पावलं मागे सरकले. प्राची मात्र गळ्याला मफलर गुंडाळून पुढे चालायला लागली, त्यामुळे मलाही जावं लागलं. झाडांखाली एक बरी मोकळी जागा मिळाली. विल्सनने रेकॉर्डर लावला. "मुलुंड. डोंगराखाली. पहाट," प्राची म्हणाली. मग आम्ही गप्प. मागच्या झुडपात काहीतरी सरपटलं, बहुतेक सरडा असावा, पण मी तोवर मनात आईवडिलांचा निरोप घेतला होता. तेवढ्यात प्राची खाकरली. बारीकसंच, घशात भाताचं शीत अडकल्यासारखं. त्या सरसरण्याने झालं नसेल तेवढं माझ्या काळजात चर्र झालं. पुढचे दोन दिवस ती कधी खाकरते यावरच माझा कान होता.

जागा झकास होती. पण उजाडलं आणि खालच्या बागेत हास्यक्लब सुरू झाला. पंचवीस-तीस आजी-आजोबा हात वर करून हा हा हा हसायला लागले. विल्सनने हेडफोन काढले. "हे रोज असतं?" त्याने वॉचमनला विचारलं. "रविवारी जास्त," वॉचमन म्हणाला. झालं, मुलुंड बाद.

तिथून पवईमार्गे अंधेरी. रिक्षाने दीड तास गेला, तुम्ही जाल तेव्हा सकाळी आठच्या आत पवई ओलांडा, नाहीतर वाट लागलीच समजा. गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर बघा. भर वस्तीत काळा कातळ उभा आहे, त्यात कोरलेल्या पायऱ्या आणि वर देऊळ. वर वारा सुंदर होता. मी कठड्यापासून चार हात लांब देवळाच्या भिंतीला चिकटून उभी राहिले. "अंधेरी. कातळावर. सकाळ," प्राची म्हणाली, आणि लगेच डोक्यावरून विमान गेलं. ते गेलं तोच दुसरं आलं. विल्सन आभाळाकडे बघत म्हणाला, "यार वैशू, हायवेवर आणून उभं केलंस मला."

खाली उतरून उडप्याकडे बसलो. प्राचीला तिखट बंद, म्हणून तिने इडली घेतली, चटणीशिवाय. मी तिच्यासमोर वडा सांबार खाल्लं आणि मला ते गोड लागलं नाही. ती थर्मासमधलं गरम पाणी पीत मोबाइलवर टाइप करून माझ्याशी बोलत होती. 'तू माझ्याकडे अशी बघतेस जसं काही मी काचेची आहे,' तिने लिहिलं. आहेसच, असं माझ्या तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. अंधेरीहून घाटकोपरला मेट्रोने परतलो. या दोन टोकांत कुठेही जायचं असेल तर मेट्रोच धरा, रिक्षाच्या नादी लागू नका.

रविवारी मावशी दारात उभी. "गळ्याक फडको गुंडाळ गो, वारो लागतलो," तिने प्राचीला बजावलं. मग माझ्याकडे वळली. "आणि तू भिया नको. काय्येक होवचा नाय." माझ्या तोंडावर भीती एवढी लिहिलेली असते.

गोराईला जायला बोरिवली पश्चिमेहून रिक्षाने खाडीच्या जेट्टीवर यायचं आणि लाँचने पलीकडे. तिकीट किरकोळ आहे, सुट्टे ठेवा. लाँचमध्ये माणसं, मोटरसायकली, कोथिंबिरीच्या जुड्या सगळं एकत्र चढतं. जाताना भरती होती, लाँच जेट्टीच्या वरच्या पायरीला टेकली होती, तरी मी प्राचीचा हात धरूनच चढले. मधोमध पाणी हिरवं-काळं दिसत होतं आणि मी डोळे मिटून घेतले. पलीकडे शेअर रिक्षा मिळते. आम्ही गावाच्या मागे गेलो, तिथे विल्सनच्या आत्याचं घर आहे. आत्या मुलाकडे वसईला गेल्यामुळे घर बंद होतं. पुढे ओटा, ओट्यासमोर मुळा-पालकाचे वाफे, वाफ्यांपलीकडे तिवरं. दोरीवर कुणाचे तरी बोंबील वाळत होते.

प्राची त्या दोरीकडे बघत राहिली आणि मग हसली. सोलं नाहीत तर बोंबील, वाळवणाला वाळवण भेटलं.

"गोराई. आत्याचा ओटा. दुपार."

त्या मिनिटात जे ऐकू आलं ते इतकंच: वारा, एक कोंबडी, लांब कुठेतरी लाकडावर हातोडीचे दोन ठोके. विल्सनने हेडफोन काढले तेव्हा तो हसत होता. आता कुणीतरी गाऊन बघायला हवं होतं, म्हणजे आवाज ओट्यावर कसा बसतो ते कळेल. प्राचीला गायची बंदी, विल्सन म्हणाला मी चर्चमध्येसुद्धा नुसते ओठ हलवतो, मग राहिले मी. प्राचीने गिटार छेडली आणि मी गच्चीचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायले. कोंबडी निघून गेली. प्राची पोट धरून हसत होती, तेही आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कॅमेरा कुठे, ती कुठे बसणार, ऊन कुठून येईल, सगळं आम्ही तिथेच ठरवलं. मंगळवारी सकाळी शूट. विल्सनने लगेच फोन करून आत्याची परवानगीही घेतली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा माझी भीती थोडी खाली बसली.

परत निघालो तेव्हा ओहोटी लागली होती. तुम्ही गोराईला जाणार असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून जा. ओहोटीला जेट्टीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. बोरिवलीच्या बाजूला लाँच लागली. विल्सन पुढे उतरला, हातातला रेकॉर्डर त्याने खाडीचा आवाज घ्यायला चालूच ठेवला होता. प्राची उतरून दोन पायऱ्या वर गेली. मी वळून तिची गिटार बाकावरून उचलली, आणि गिटार सांभाळायच्या नादात पायाखाली न बघता पाऊल टाकलं. पाय सरकला. माझा डावा पाय लाँच आणि पायरी यांच्या मधल्या फटीत गेला, आणि लाँच लाटेबरोबर परत पायरीकडे येत होती. मी ते बघितलंच नाही. मी गिटारीकडे बघत होते.

"ताई, पाय!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. पूर्ण ताकदीचा, छातीतून आलेला. जेट्टीवरची सगळी माणसं वळली. मी पाय ओढून घेतला, मागे बुडावर आपटले, आणि लाँच पायरीवर धाडकन आदळली. खलाशाने मला काखेत धरून वर काढलं आणि चार शिव्या दिल्या, त्या मला लागूच होत्या. पायाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

प्राची पायरीवर उभी राहून गळ्याला हात लावत होती. तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मी तिच्यासमोर रडले, सगळ्या जेट्टीदेखत. तिने मोबाइल काढला आणि लिहिलं, 'गिटार ठीक आहे ना?'

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दुर्बीण घालून बघितलं. सूज आली होती, गाठीत रक्त साकळलं होतं. गाणं नाही, बोलणंही नाही, सूज उतरली की ऑपरेशन. मंगळवारचं शूट मी फोन करून रद्द केलं. तिचा तो आवाज, जो टिपायला आम्ही दोन दिवस डोंगर, कातळ नि खाडी पालथी घातली, तो माझ्या एका पायावर खर्च झाला. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर तिला पूर्ण मौन दिलं होतं, आणि त्या दिवसांत माझ्या डोक्यात भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं. शाळेत ती कशी शिकवेल, कॅफेत कुणी बोलावेल का, आणि आवाज गेला तर ती माझ्याकडे आयुष्यभर कोणत्या नजरेने बघेल. ती मात्र पाटीवर खडूने लिहून मावशीशी भांडत होती.

मौन सुटायच्या सकाळी तिने मला आणि विल्सनला घरी बोलावलं. पाटीवर लिहिलं होतं, 'रेकॉर्डर आण.' विल्सनने तो टेबलावर ठेवला. मावशीने स्वयंपाकघरातला मिक्सर बंद केला आणि ओले हात तसेच घेऊन दारात येऊन थांबली. प्राची पाणी प्यायली, विल्सनने मान हलवली.

"घाटकोपर. घर. सकाळ."

तो तिचा आवाज नव्हता. म्हणजे तिचाच होता, पण जाड झालेला, दोन पायऱ्या खाली उतरलेला, कडेला जरासा फाटलेला. मला हुंदका आला. तोच तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, कारण नावानंतर रूम टोनचं मिनिट असतं आणि त्यात कुणी बोलायचं नसतं, रडायचंही नसतं. मग आम्ही चौघं तिथे तसेच उभे राहिलो. फ्रिज घरघरत होता, खिडकीवर कबुतर होतं, पलीकडचं ड्रिल त्या दिवशी कसं कोण जाणे बंद होतं. मी ओढणी तोंडात कोंबून उभी होते. मावशीच्या बोटांवरून पाणी टपकत होतं.

"कट," विल्सन म्हणाला.

"चाय ठेवतंय," मावशी म्हणाली आणि आत गेली.

जेट्टीवरची ती हाक विल्सनकडे आहे, मी अजून ऐकलेली नाही. डॉक्टर म्हणतात, आवाज महिनाभरात आणखी बदलेल, कसा ते त्यांनाही माहीत नाही. प्राचीने तेवढ्या वेळात गिटार मांडीवर घेऊन गच्चीच्या गाण्याची पट्टी दोन सूर खाली आणून ठेवली होती.

"महिन्याने गोराई," ती त्या नव्या आवाजात मला म्हणाली. "भरतीची वेळ बघून ठेव. आणि पायाखाली बघ गं, मी परत ओरडणार नाहीये."