मळवलीच्या रस्त्यावर अडलेली म्हैस

म्हैस टेंपोतच व्यायला लागली आणि रेडकाचा एकच पाय बाहेर आला. त्या वर्षातलं आमचं ते तिसरं बिऱ्हाड. आंदर मावळातलं घर सुटलं, तळेगावच्या खोलीपाशी म्हैस बांधू देईनात, म्हणून मळवलीला नणंदेशेजारी निघालो होतो. पोट सगळं म्हशीच्या दुधावर. रविवार होता, लोहगडाला निघालेल्या गाड्या मागं हॉर्न वाजवत होत्या आणि डिझेलचा धूर टेंपोत माझ्या नाकात भरत होता. नवरा म्हणाला, "ताईचं घर दोन वळणांवर हाय, दम धर." मी म्हणाले, "मला काय सांगता? म्हशीला सांगा." त्यानं फोन केला तशी नणंद नव्या साडीत पळत आली, टेंपोत चढली आणि तिनं म्हशीची शिंगं धरली. "वयनी, घाला हात! बघत काय बसलाय?" मी कोपरापर्यंत हात घातला, आत मुडपलेला पाय सरळ केला आणि रेडकू ओढलं. रेडी होती. अजून डिझेलचा वास आला की मी गोठ्यात डोकावते. पुढं नवरा गेला, नणंद गेली, म्हैसही म्हातारी होऊन गेली. त्या टेंपोतली आता ती रेडी आहे आणि मी आहे.