मामांची निवडणूक

आमच्या मामांइतका हरण्यात तरबेज माणूस साऱ्या कावेरीकाठी झाला नसेल. आईचे हे दूरचे भाऊ कुंभकोणम् तालुक्याच्या ग्रामीण मतदारसंघातून कायदेमंडळासाठी उभे राहिले, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि शेतसारा भरणाऱ्यालाच काय ते मत. मामांची जमीन हातभर, पण ऐट दिवाणाची. घरात मराठी, उंबरा ओलांडला की तमिळ, आणि रागावले की दोन्हींची खिचडी. छत्री कायम बगलेत, पण उघडली कधीच नाही, का तर कापड विटतं! "तंजावरचं मराठ्यांचं राज्य गेलं, निदान एक खुर्ची तरी आणतो," म्हणायचे. आम्ही हसायचो. खरं कारण वेगळंच होतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाला मामींचं माहेर. तिथली माणसं गुरांच्याच तळ्याचं पाणी पीत. बाळंतपणाला गेलेल्या मामी तिथेच पटकीने गेल्या, बाळासकट. मामांना त्या गावात एक विहीर हवी होती. बाकी कायदेमंडळात काय चालतं ते त्यांना शष्प ठाऊक नव्हतं.

प्रचार त्यांनी कीर्तनातून केला, दुसरं काही येतच नव्हतं. गोविंदपुरम्‌च्या भजनमठात उभे राहिले की असे रंगायचे की मत मागायचं राहूनच जायचं. मी एकदा चिडून विचारलं, "मामा, मतांचं कधी काढणार?" तर म्हणाले, "थांब रे, आधी द्रौपदीला सोडवू दे." तरी गावंच्या गावं त्यांच्या बाजूला झुकली आणि समोर उभा असलेला मिरासदार हादरला.

मग तो एका कीर्तनाला आला. आमच्यात कीर्तन संपलं की समोर उभा असतो तो मामा नसतो, नारद असतो. सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं आणि मागेल तो आशीर्वाद त्याने द्यायचा, नाही म्हणायची सोय नाही. मिरासदाराने सरळ लोटांगण घातलं. "निवडणुकीत यश यावं, एवढा आशीर्वाद द्या." मेल्याने बरोबर गाठलं, मी पुटपुटलो. मामांनी डोळे मिटले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "यश येईल."

अर्ज मागे घ्यायची मुदत टळली होती. मतदानाला दोघांच्या दोन रंगांच्या पेट्या मांडलेल्या, आणि मामा बाहेर झाडाखाली आपल्याच माणसांना हात जोडून सांगताहेत, "त्याच्या पेटीत टाका. तो शब्द माझा नव्हता, मोडता येत नाही." लोकांनी ऐकलं. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

विहीर झाली नाही, हे सांगायला नकोच. पुढच्या उन्हाळ्यात मामींच्या माहेरगावी पुन्हा पटकी आली. मामा तिथेच जाऊन राहिले, पाणी उकळून घरोघर देत हिंडले. घरं रिकामी होत गेली. त्यांच्यावर कुणी हात उगारला नाही, एका म्हातारीने फक्त विचारलं, "आमच्यासाठी नव्हता का आशीर्वाद, सामी?" मामा तिथेच खाली बसले.

तो मतदारसंघही पुढे मोडला, गावं इकडेतिकडे वाटली गेली. मामांनी कीर्तन सोडलं. माझ्या लग्नात मी वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. "नको रे. मी तुला काही द्यायचो आणि ते दुसऱ्या कुणाचं जायचं." मी तसाच वाकून राहिलो. मला त्यांचाच आशीर्वाद हवा होता.