मंगलचे अकरा दाणे

मंगलला हट्टी म्हणणं म्हणजे तिचं फारच कमी कौतुक झालं. वीस वर्षं आमच्या बांधाला बांध आहे, मला विचारा.

मंचरजवळ गव्हाच्या नव्या जाती तयार करणाऱ्या एका प्लॉटवर ती रोजाने जायची. कोवळ्या ओंबीतले परागकोश चिमट्याने काढायचे, कागदी पिशवी चढवायची, तीन दिवसांनी दुसऱ्या जातीचा पराग आत झटकायचा, हे तिचं काम. तेच तिने घरी केलं. सासरच्या जुन्या गव्हाची पोळी गोड, पण गहू इतका उंच की वारं सुटलं की आडवा. त्याला तिने बुटक्या जातीचा पराग दिला. पहिल्या वर्षी सगळी रोपं सारखी, मध्यम उंचीची आली. दुसऱ्या वर्षी मात्र कुणी उंच, कुणी खुजं, कुणी पोचट.

"ही भेळ कोन खानार गं?" मी तोंडावर विचारलं.

"आई-बापाचे गुन आत्ता कुठं वेगळे झालेत. मला यातलं एकच पायजे."

तीनशे रोपांत ते सापडलं. बुटकं, ताठ, भरल्या ओंब्यांचं. तिने त्याला लाल दोरा बांधला.

फेब्रुवारीत आळेफाट्याहून पाहुणे आले. मंगल कामावर गेलेली. तिचे सासरे सावळेरामआबा भाजायला हिरव्या ओंब्या आणायला शेतात गेले. सुनेने दोरा बांधलाय तो पाहुण्यांसाठीच, असं समजून त्यांनी आधी तेच रोप खुडलं. पाहुण्यांनी मिटक्या मारत खाल्लं. मीही खाल्लं.

संध्याकाळी बुडखा बघून मंगल मटकन खाली बसली आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मी आपलं चांगलं बघून तोडलं, पोरी," आबा कानकोंडे झाले.

"चांगलं व्हतं म्हनूनच बांधलं व्हतं, आबा."

तळाशी एक उशिराचा फुटवा तेवढा वाचला होता. उन्हात घाईने पिकून त्यातून अकरा दाणे निघाले, तेही सुरकुतलेले. बियाणं टपोरंच निवडायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. मी म्हटलं, "टाकून दे."

"उन्हानं बारीक ऱ्हायलेत. आत गुन त्याच रोपाचा हाय."

नोव्हेंबरात तिने ते बोटाने एकेक पेरले. सात उगवले आणि सातही बुटके, ताठ वाढले! आबा दिवसातून चारदा मोजून यायचे. मलाही मोजल्याशिवाय राहवायचं नाही, खोटं कशाला सांगू.

जानेवारीअखेर ढगाळ हवा पडली. दोन रोपांवर तांबेरा आला, पानांवरून हात फिरवला की बोटांना तांबडी भुकटी लागायची. त्यातलं एक नेमकं सगळ्यांत मोठ्या ओंब्यांचं.

"फवारा मार की," आबा कळवळले. "लई भारी हाय ते."

"फवारून वाचवलं तर अंगात दम कुनाच्या हाय ते कळायचं कसं?" असं म्हणून तिने दोन्ही रोपं मुळासकट उपटली.

पाच राहिली. जात पक्की व्हायला अजून निदान चार हंगाम असेच निवडायचे होते.

"आन ह्या पाचांना बी लागला तर?" आबांनी दबकत विचारलं.

"तर पुन्यांदा पह्यल्यापासनं."

आबा तिच्या हातातली रोपं घेऊन जाळायला गेले.