दिवाळीच्या सुट्टीतली होडी

बायकोला सिंधुदुर्गातल्या एका शाळेत नोकरी लागली आणि ती आमच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन तिकडे गेली. मी देवळाली प्रवरेत राहिलो. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. कामगारांची हजेरी, पाळ्यांचे तक्ते, एवढंच काम. पाचला सुटलो की घराकडे पाय वळत नसत. खानावळीत जेवून उगाच एसटी स्टँडवर बसायचो.

शेवटी राहुरीत कॉम्प्युटरचा क्लास लावला. प्रोग्रॅम लिहायचं जावा तेव्हा नवीन होतं. बाकीच्या पोरांना ते शिकून पुणं गाठायचं होतं. मला फक्त संध्याकाळचे दोन तास कुठेतरी घालवायचे होते. शिकवणारी मुलगी बावीस-तेवीसची, मी चौतीसचा. पहिल्याच दिवशी तिने मला काका करून टाकलं.

माझी पहिली विंडो पडद्यावर आली ती रिकामी, राखाडी. कोपऱ्यातल्या फुलीवर कितीही क्लिक केलं तरी बंद होईना.

"काका, बंद कसं व्हायचं तेही आपणच लिहायचं असतं," ती म्हणाली.

मग चार बटणं टाकली, तर एकच दिसलं, अख्ख्या विंडोभर पसरलेलं. बाकीची तीन त्याच्याखाली गडप. चौघांना एका ओळीत बसवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पण त्या दोन्ही दिवशी मी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

दर रविवारी एसटीडी बूथवरून बायकोच्या घरमालकांकडे फोन करायचो. एकदा मुलीला विचारलं, दिवाळीला तुला काय हवं? "रंग," ती म्हणाली. तेव्हाच ठरवलं, चित्र काढायची विंडो बनवायची. महिनाभर तेच केलं. बटणांवर मराठी अक्षरं उमटेनात, नुसते चौकोन यायचे, म्हणून बटणांनाच लाल, निळा, हिरवा रंग दिला. माऊस दाबून ओढला की त्या रंगाची रेघ उठायची.

दिवाळीला दोघी आल्या. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. जाताना 'न्हाई' म्हणणारी पोर आता 'नाय' म्हणत होती. माझ्याशी बोलताना आधी आईकडे बघायची. दोन दिवस गेले तरी मांडीवर आली नाही. परत निघायच्या आदल्या दिवशी मी दोघींना क्लासमध्ये घेऊन गेलो.

मुलीला खुर्चीवर उशी टाकून बसवलं, माऊस हातात दिला. निळी रेघ उमटली तशी ती ओरडली, "माका व्हडी काढूची आसा!"

मी बायकोकडे पाहिलं.

"होडी," ती हसून म्हणाली. "माझ्या वर्गातल्या पोरांचं ऐकून ऐकून तिकडचंच बोलते आता."

होडी वाकडीतिकडी झाली, पण झाली. खाली पाणी, होडीत दोन माणसं, एक मोठं, एक छोटं.

"ही कोण गं?" मी विचारलं.

"मी आनि आई."

"आणि बाबा?" बायकोने विचारलं.

"बाबा कारखान्यात."

काहीतरी बोलायचं म्हणून मी बायकोला म्हणालो, "हे सगळं मी लिहिलंय, बघ तरी." आणि चित्रावरच दुसरी विंडो उघडून तिला माझ्या ओळी दाखवल्या. तिने कौतुक केलं. मी ती विंडो बंद केली. मागे कोरं राखाडी उरलं होतं.

"बाबा, माजी व्हडी खंय गेली?"

"पुन्हा काढ ना बाळा."

"नको." ती खुर्चीवरून उतरली आणि आईचा पदर धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांची एसटी गेली. संध्याकाळी शिकवणारी म्हणाली, "काका, विंडोच्या लक्षात काही राहत नाही. वर दुसरं काही आलं की खालचं पुसलं जातं. परत कसं काढायचं ते आपण लिहून ठेवायला लागतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी खेकसलोच. मग लाज वाटून माफी मागितली. तिचा काय दोष होता?

आठ दिवस लागले. रेघेचा एकेक बिंदू साठवून ठेवायला शिकलो. मग काहीही वर आलं तरी चित्र जसंच्या तसं परत यायचं. पण चित्र काढणार कोण? मी निळं बटण दाबून तिची होडी आठवून आठवून काढायचा प्रयत्न केला. रेघा फार सरळ यायच्या. तिच्यासारखी एकदाही जमली नाही. तोवर गळीत हंगाम सुरू झाला, पाळ्या बदलल्या आणि क्लास सुटला.

बायकोची इकडे बदली आणखी दोन वर्षांनी झाली. सामान उतरवून झालं, शेजारी भेटून गेले. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो होतो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि पाहुण्याच्या घरी विचारावं तसं हळूच म्हणाली, "बाबा, पाणी घेऊ?"

"घे की," मी म्हणालो. "तुझंच घर आहे."

ती आत गेली. पेले कुठे असतात ते तिला माहीत नव्हतं. एकेक डबा सरकवल्याचा आवाज येत होता. उठून द्यावा असं फार वाटलं, पण मी बसून राहिलो. तिचा तिला सापडू दे म्हटलं.