पाठमोरे साक्षीदार

ती घटना आठवली की आजही मला स्वतःची लाज वाटते आणि माझ्या हवालदाराचं कौतुक. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती. मी नवाकोरा ठाणेदार, आणि एका निरपराध माणसाला खुनाच्या आरोपाखाली कोठडीत टाकून मोकळा झालो होतो.

कोतवालानं खबर आणली होती, नवेगाव बांधाच्या तलावात मासेमारांच्या टोळीतला एक तरुण बुडाला. तो टोळीच्या म्होरक्याचा पुतण्या. डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, त्याच्यासोबत फक्त एक घरजावई होता, वर्षभरापूर्वी गावात आलेला. काठावर जाळ्याचा दोर ओढणारे पाच जण आणि हाका देणारा म्होरक्या. पाचही जणांना वेगवेगळं बसवून विचारलं, तरी जबाब एकच: घरजावयानं ढकललं, आम्ही पाहिलं. म्होरक्या एवढंच म्हणाला, "सारे सांगतात तसंच."

घरजावई रडून सांगत होता, "मी ढकललो नाही, साहेब. तो जाळं सोडवाले उतरला." मी त्याचं ऐकून घेतलं नाही. पाच साक्षीदार मिळाल्यावर ठाणेदाराला आणखी काय हवं?

हवालदार त्याच मुलखातला. तो म्हणाला, "साहेब, एकदा या पाचही जणायले दोर ओढून दाखवाले सांगा." सकाळी पाचही जणांना आणि म्होरक्याला बांधावर नेलं. पाचही जणांनी दोर खांद्यावर घेतला, पाण्याकडे पाठ केली आणि वाकून चढ चढू लागले.

"त्या दिवशी असेच ओढत होते ना?" हवालदारानं विचारलं. "मंग पाहलं कोणत्या डोळ्यानं?"

ते थांबले. एक जण खरोखरच गोंधळून म्हणाला, "पण पाहलं तर आहे, साहेब."

तेवढ्यात म्होरक्या पुढे आला. "जाळं पाण्यातल्या खुंटाले अडकलं होतं. बुडी मार म्हणून मीच हाक देलो पोराले. साऱ्यायनं आयकलं. कोणीच बोलला नाही, अन् मंग मलेही वाटाले लागलं, ढकललंच असन."

मी खोदून चौकशी केली. त्यांनी आपसात काहीच ठरवलं नव्हतं. ज्याच्या हाकेवर सगळ्यांच्या चुली पेटायच्या, त्याची हाक चुकली हे त्यांच्या मनाला पेलवलं नाही. दोष बाहेरच्या माणसावर गेला आणि त्यांना तो डोळ्यांनी दिसलासुद्धा.

पुतण्या गमावलेल्या त्या म्हाताऱ्याला त्या सकाळी कुणी विचारलंही नव्हतं. तरी त्यानं सगळ्यांसमोर खरं सांगितलं आणि सुटून आलेल्या घरजावयाचे पाय धरले. एवढी हिंमत मी मोठ्या साहेबांतही क्वचित पाहिली. हवालदाराला त्या दिवशी मी सगळ्या शिपायांदेखत सलाम ठोकला.

पुढच्या नोकरीत साक्षीदार किती आहेत, हे मी नंतर मोजायचो. त्यांचं एकमेकांवाचून चालतं का, हे आधी विचारायचो.