बाबांच्या पाठीवरची बॅग

लिहायला बसलो याबद्दल आधी क्षमा मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, आणि छापून यावं असं आमच्याकडे कधी कुणी लिहिलेलं नाही. त्यातून विषय शिकारीचा. शिकार मी कधी पाहिलेलीसुद्धा नाही. शिकारीची एक बॅग पाहिली आणि ती घातलेले माझे बाबा पाहिले. तेवढंच लिहितो, बाकी सांभाळून घ्या.

तेव्हा मी ओमानमध्ये एका खासगी कॉलेजात शिकत होतो आणि अल खौदला इतर मुलांबरोबर एका खोलीत राहत होतो. बाबा दूर इब्रा गावी, एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, फार्मवर स्वयंपाकी. मला कळायला लागल्यापासून ते तिथेच होते. सुट्टीवर घरी आले की चार दिवस मी त्यांना बुजायचो, मग कुठे ओळख व्हायची आणि ते परत जायचे. आता खौदमधला एक मेसवाला त्यांना कामावर घ्यायला तयार होता. आम्ही दोघं पहिल्यांदा एका छपराखाली राहणार होतो. मात्र अर्बाबकडून रिलीज मिळाल्याशिवाय माणसाला दुसरीकडे काम करता येत नसे, आणि फार्मचा सगळा कारभार अर्बाबच्या मुलाकडे होता. त्याला आम्ही धाकटा अर्बाब म्हणायचो.

त्या वर्षी धाकटा अर्बाब परदेशात, बर्फाच्या डोंगरांत रानबोकडाच्या शिकारीला जाणार होता. बाबांनी धीर करून रिलीजचा विषय काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, "मेरे साथ चलो. सामान उठाओ, खाना पकाओ. वापस आके रिलीज. खलास."

बॅग घ्यायला तो खौदच्या एका दुकानात आला. बाबांना बरोबर आणलं होतं. मला इंग्रजी येतं म्हणून बाबांनी मलाही बोलावून घेतलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

दुकानातला सेल्समन पुण्याचा निघाला. मला बरं वाटलं. त्याने समजावलंही छान: बॅग माणसाच्या उंचीवर घ्यायची नसते, पाठीच्या लांबीवर घ्यायची. मानेखाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून कमरेच्या हाडापर्यंत माप. ओझं पेलायचं कमरेने. खांद्यांनी नुसतं सावरायचं. मग त्याने टेप काढली आणि माप घेतलं धाकट्या अर्बाबचं. मला वाटलं, मोठ्या माणसाचा मान म्हणून आधी त्याचं घेतलं असेल. कारण बॅग निवडून झाल्यावर तिच्यात वाळूच्या पिशव्या भरल्या, आणि ती चढवली बाबांच्या पाठीवर. आमच्या गावी शिंपी ज्याच्या अंगाला कपडा लावून बघतो, कपडा त्याचाच असतो.

बाबा ठेंगणे. बॅग त्यांच्या डोक्याच्या वर गेली आणि कंबरपट्टा मांड्यांवर उतरला.

"काका, तुम्ही बॅग घातलीय की बॅगेने तुम्हाला?" सेल्समन म्हणाला, आणि तेच हिंदीत करून धाकट्या अर्बाबला सांगितलं. तो खो खो हसला.

"बाबा, पट्टो खाली येता," मी हळूच म्हणालो. "तुमका ही मोठी."

"बसता रे, बसता. तू गप रव."

मी सेल्समनला विचारलं, "यांच्या मापाची नाही का?"

"आहे की. शाळेच्या दप्तरांत बघ." मग बाबांकडे वळून, "काका, जरा उड्या मारून दाखवा. अर्बाबना बघू दे, पट्टे सरकतात का ते."

बाबांनी उड्या मारल्या. धाकट्या अर्बाबने मोबाइलवर ते टिपलं. बाबा त्याच्याकडे बघून हसत होते, आणि मीही हसलो. न हसणं तेव्हा मला जमलं नाही.

त्यानंतर बाबांना रोज ती बॅग दगडांनी भरून, पाठीवर घालून फार्ममागच्या टेकडीवर चढायचा हुकूम झाला. "प्रॅक्टिस," धाकटा अर्बाब म्हणायचा. एका शुक्रवारी मी इब्राला गेलो तेव्हा बॅगेत दगड नव्हते. फार्मवर बकरा कापला होता, त्याच्या तंगड्या होत्या. शिकार झाली की मांस असंच खाली आणायचं असतं म्हणे. रक्त झिरपून बाबांचा शर्ट पाठीला चिकटला होता. माश्या होत्या. धाकटा अर्बाब खाली सावलीत खुर्ची टाकून बसला होता आणि "यल्ला, यल्ला" ओरडत होता.

बाबा खाली आले. बॅग काढली तेव्हा दोन्ही खांदे सोललेले दिसले. दुकानात ऐकलेलं आठवून मी एका चादरीची जाड घडी केली, ती त्यांच्या कमरेभोवती गुंडाळली आणि वरून पट्टा आवळला. पट्टा हाडावर बसला. बाबांचे खांदे एकदम मोकळे झाले, त्यांनी मोठा श्वास सोडला. "आता कसा!" म्हणाले.

धाकटा अर्बाब उठून आला. त्याने पट्टा सोडला, चादर ओढून मातीत टाकली. "ये नहीं. पट्टा बिगड़ जाता है." आणि बाबांच्या पोटात बोट खुपसून म्हणाला, "जिसम मज़बूत करो, रफ़ीक. चलो, फिर से." तिथे प्रत्येक मजुराला रफ़ीक, म्हणजे दोस्त, म्हणतात.

बाबा पुन्हा चढायला लागले. मी चादर झटकली.

परतताना मी त्यांना म्हणालो, "सोडून द्या हां. मेस नको." ते रागावले. "थंयसून इलंय की एकत्र रवायचा हा ना? मग?" मेसवाल्याला त्यांनी थांबायला सांगितलं होतं. मी खोलीत त्यांच्या गादीसाठी जागा करून ठेवली होती, इतर मुलांशी भांडून.

मग बरेच दिवस फोन लागला नाही. मला वाटलं, शिकारीला गेले. बर्फात रेंज नसेल. लोकरीची टोपी द्यायची राहिली म्हणून मी हळहळत होतो.

एका दुपारी कॉलेजच्या जिन्यात असताना फोन आला. बाबाच होते, इब्राहूनच. फोन बिघडला होता, तो आज दुरुस्त होऊन मिळाला. धाकटा अर्बाब मित्रांना घेऊन कधीच गेला होता आणि शिकार करून परतही आला होता. तिकडे ओझ्याला घोडे असतात, स्वयंपाकी असतात, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. बॅग त्याची स्वतःची होती. नवी बॅग ताठ असते, अंगाला टोचते.

"जाताना तो म्हणालो, आता मऊ झाली," बाबा म्हणाले, "आणि माझ्या पाठीवरसून काढून घेतल्यान."

"आणि रिलीज?"

"तांच इचारलंय तेका. तर तो म्हणालो, तू शिकारीक इलसच नाय, मग रिलीज कसली?"