पुठ्ठे काढलेली पुस्तकं

बाईंनी स्वयंपाकघरातली धारदार सुरी घेऊन पहिला पुठ्ठा कापला, तशी त्यांची मुलगी उठून आतल्या खोलीत गेली. तिला ते बघवेना. या घरात कुणी पुस्तकाचं पान दुमडलं तरी वडील त्या दिवशी जेवताना बोलत नसत, आणि आता आई त्यांच्याच पुस्तकांची साल काढायला बसली होती.

"तुरुंगाचा नियम आहे," बाई दाराकडे बघून म्हणाल्या. "पुठ्ठ्यात काहीबाही लपवता येतं म्हणे."

बाईंनी पुढचं पुस्तक ओढलं.

बाईंनी सगळी नोकरी धर्मविद्यालयात काढली होती. पाळक व्हायला आलेल्या मुलांना त्या ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवत. नवराही पाळकच. तो गेल्यावर घरात या दोघी उरल्या आणि भिंतभर पुस्तकं. निवृत्त होऊन बाई जरा कुठे टेकल्या होत्या, तोच शहराबाहेरच्या तुरुंगातल्या काही कैद्यांनी ईश्वरविज्ञानाच्या टपाली अभ्यासक्रमात नावं घातल्याचं कळलं. त्यांना शिकवायला माणूस हवं होतं. प्राचार्यांनी एकेकाला विचारून पाहिलं. कुणाची पाठ धरली होती, कुणाच्या घराचं रंगकाम निघालं होतं. बाईंना वेळेवर सबब सुचली नाही, असं त्या हसून सांगत. खरं म्हणजे वर्गावाचून त्यांचा जीव कुठे लागत नव्हता.

तुरुंगाने पुस्तकांसाठी एक लोखंडी कपाट दिलं, त्यातलेही दोनच खण. बाकीच्या खणांत बराकींच्या चादरी. दोन खणांत मावेल तेवढंच आत येणार, आणि एकदा आलं की वर्षभर बदल नाही. बाईंनी दोऱ्याने खणांचं माप घेतलं, घरी येऊन जेवणाच्या टेबलावर तेवढी जागा खडूने आखली आणि कामाला लागल्या.

टिपांसकट शास्त्र, म्हणजे बायबल, हे पहिलं, त्यात वादच नव्हता. शास्त्रातल्या शब्दांचा कोश दुसरा. तिथून पुढे गाडी अडली. पहिल्या शतकांतल्या गुरूंची पत्रं आणि प्रवचनं घ्यावीत तर ती जाडजूड. ख्रिस्त देव कसा आणि माणूस कसा यावर ज्या धर्मसभा बसल्या, त्यांचे ठराव वाचल्याशिवाय तर पुढचं अवाक्षर कळत नाही. पूर्वेकडच्या मंडळ्यांवर बाईंकडे एकच पुस्तक होतं, तेही अंगाने बारीक. पण ते गाळलं तर शिकणारे समजणार की हा धर्म पश्चिमेतच उगवला. धर्मसिद्धांताचं एक पुस्तक रोमन कॅथलिक बाजूचं हवं आणि एक सुधारणावाल्यांचं, म्हणजे प्रॉटेस्टंटांचं. एकाला आत घेऊन दुसऱ्याला दारात उभं केलं तर ती शिकवणी कसली, ती वकिली. बाई एक पुस्तक आत सरकवत, दुसरं बाहेर काढत, पुन्हा पहिलं उचलून छातीशी धरून उभ्या राहत. घरातलं जेवण आठवडाभर जमिनीवर बसून झालं.

शेवटी सगळं कसंबसं बसलं, त्यात मंडळीच्या इतिहासाचा तो भला मोठा ग्रंथही होता. बाई आयुष्यभर त्यावरूनच शिकवत आल्या होत्या. छळ, फुटी, जाळपोळ, कुणी कुणाला का मारलं, सगळं त्यात पुराव्यानिशी होतं.

मंजुरीसाठी त्या अधीक्षकांकडे गेल्या. माणूस थकलेला, पण वाईट नव्हता. त्याने ग्रंथ चाळला, माणसं जाळतानाच्या दोन-तीन चित्रांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

"बाई, इथे सगळ्या पंथांचे लोक एका नळाला पाणी भरतात. तुमचा वर्ग चालावा असं मलाही वाटतं. हे कशाला आत आणता?"

त्याने नाही म्हटलं नव्हतं. बाईंनीच तो ग्रंथ उचलून पिशवीत घातला आणि त्याच्या जागी धर्मसिद्धांताचा आणखी एक खंड दिला. आधी श्रद्धा काय ते नीट कळू दे, भांडणं मागाहून बघू, असं त्यांनी मनाशी म्हटलं. बसमध्ये मात्र ती पिशवी मांडीवर जड लागत राहिली.

वर्ग धुलाईखान्याशेजारच्या खोलीत भरे. भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर, दारात शिपाई. झडती घेणाऱ्या शिपायाने पहिल्याच दिवशी उघड्या शिवणीचे ते गठ्ठे हातात तोलून विचारलं होतं, "यात पाप जास्त की पुण्य?" बाई म्हणाल्या होत्या, "पानं जास्त." तेवढंच काय ते हसू, नंतर तिथे कुणी फारसं हसलं नाही.

कोण कशासाठी आत आलं हे बाई विचारत नसत. दोघांकडे मात्र त्यांचं लक्ष सारखं जाई. एक सुतार, तुरुंगातल्याच सुतारकामाच्या शेडवर मुकादम. खांदे रुंद, आवाज बारीक. रोमन घरात वाढलेला. आई रोज देवळात मिस्साच्या उपासनेला जाणारी. तो आत असतानाच ती वारली आणि त्याला मातीला सोडलं नव्हतं. दुसरा ट्रकवर ड्रायव्हर होता. तुरुंगातच ख्रिस्ती विश्वासात आलेला, पत्र्याच्या टाकीत बुडून बाप्तिस्मा घेतलेला, आणि नव्या चपलेसारखा सतत करकरणारा. त्याच्या लेखी जगातलं सगळं वाईट रोमन पाद्र्यांपासून सुरू झालं होतं.

दोघं लागोपाठच्या बाकांवर बसत, सुतार पुढे, ड्रायव्हर मागे. आधी खाकरणं, मग टोमणे, मग एकाने बोलायला तोंड उघडलं की दुसऱ्याने खिडकीबाहेर बघणं. बाईंना दिसत होतं. त्या विषय बदलत, फळा पुसत, नवा ठराव समजावायला घेत.

एका सकाळी ड्रायव्हरने सरळच विषय काढला. पाद्र्यांनी शेकडो वर्षं शास्त्र कुलपात ठेवलं, लोकांना कळू नये म्हणून. सुतार म्हणाला, आमच्या माणसांनी ते डोळे फोडून हाताने उतरवून ठेवलं नसतं तर तू आज काय वाचलं असतंस? तुझी मंडळी कालची. शब्दाला शब्द वाढत गेला, आणि मग सगळा वर्ग बाईंकडे वळला.

"बाई, कोण खरं बोलतंय ते तुम्ही सांगा," ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी तोंड उघडलं. दोघांचंही अर्धं खरं होतं आणि अर्धं फार भयंकर होतं. त्यांची नजर कपाटाकडे गेली. उघडून दाखवावं असं त्यात काहीच नव्हतं. नुसतं तोंडाने सांगितलं तर ज्याच्या विरुद्ध जाईल तो म्हणणार, बाई त्याच्या बाजूच्या.

"ते आपण पुढे बघू," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हर हसला. सुताराकडे वाकून सावकाश म्हणाला, "तुझी आई जपमाळेचे मणी ओढत मेली. काय मिळालं तिला?"

सुताराने बाकाची पाठ उपटली. स्क्रू लाकडातून सुटल्याचा आवाज बाईंनी ऐकला, आणि पुढच्या क्षणी त्या दोघांच्या मध्ये होत्या. कशा गेल्या हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यांचं कोपर भिंतीवर आदळलं. शिट्टी वाजली, बूट धावत आले. ड्रायव्हरचा ओठ फाटला होता. सुताराला चौघांनी धरून नेलं, तेव्हा त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

वर्ग बंद झाला. सुताराची रवानगी एकांत कोठडीत झाली.

घरी मुलीने कोपराला पट्टी बांधली आणि बांधता बांधता बोलत राहिली. पुरे झालं. कुणाला शिकवायची एवढी हौस आहे तर गल्लीतल्या मुलांना शिकव. मुलीला वाटलं, आई घाबरली. आणि बाई घाबरल्या होत्याच. पण त्यांना जे डाचत होतं ते वेगळं. हे भांडण मिटवायला लागणारं पुस्तक त्यांनी स्वतःच्या हाताने पिशवीत घालून परत आणलं होतं, कुणी सक्तीही केलेली नसताना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इतिहासाचा ग्रंथ टेबलावर घेतला आणि दुखऱ्या हाताने त्याचा पुठ्ठा कापला. जागा करायला कपाटातून काय काढायचं हेही ठरवलं. धर्मसिद्धांताच्या ज्या खंडाच्या कडेला नवऱ्याच्या पेन्सिलीतल्या टिपा होत्या, तो. जीव तुटला, पण त्यातलं बरंच दुसऱ्या पुस्तकात होतं.

अधीक्षकांनी त्यांना उभ्यानेच ऐकलं.

"हे वाचून ते एकमेकांचा जीव घेतील."

"न वाचताच घ्यायला निघाले होते, साहेब," बाई म्हणाल्या.

त्याने टेबलावरची काच बोटाने पुसली. मग त्याने अट घातली. वर्षभर बदल नाही हा नियम एकदाच मोडीन. वर्ग परत भरेल, तो त्या दोघांसकट. पुन्हा हात उचलला गेला तर वर्ग कायमचा बंद, आणि सुताराला शिक्षेत मिळायची सूटही रद्द.

आपल्या हट्टाची किंमत दुसऱ्याने भरायची होती. सुताराला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कोठडीच्या दाराला हातभर झडप होती. बाईंनी वाकून सगळं समजावलं. सूट जाऊ शकते हेही लपवलं नाही.

"त्याला माझ्या मागे बसवू नका," आतून सुतार म्हणाला. "समोर बसवा. दिसला म्हणजे बरं."

वर्ग भरला त्या दिवशी मुलगी हट्टाने फाटकापर्यंत आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली. आत दोन शिपाई होते. बाईंनी टेबल मध्ये ओढून एका बाजूला सुताराला बसवलं, एका बाजूला ड्रायव्हरला, आणि ग्रंथ मध्ये उघडला. कुणी कुणाबद्दल बोलायचं नाही, फक्त वाचायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. पानं त्यांनी निवडून ठेवली होती.

सुताराला दिलेलं पान एका विद्वानाचं होतं. त्याने शास्त्र आपल्या लोकांच्या बोलीत आणलं, म्हणून रोमन मंडळीच्या राज्यात त्याचा आधी गळा आवळला आणि मग त्याला खांबाला बांधून जाळलं. सुतार बारीक आवाजात, एकेक शब्द नीट उच्चारत वाचत गेला. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर चमक येत होती. बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि पान उलटून ग्रंथ त्याच्यासमोर सरकवला.

त्याच्या पानावर होते मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणारे लोक, थेट त्याच्यासारखेच. त्यांना हातपाय बांधून नदीत बुडवलं होतं. ड्रायव्हर जोरात वाचत होता. कुणी बुडवलं हे आपल्याला ठाऊकच आहे, अशा सुरात. मग तो वाक्यात मध्येच थांबला. बुडवणारे रोमन नव्हते. रोमन मंडळीतून फुटून निघालेले, लोकांच्या बोलीत शास्त्र वाचणारे सुधारणावालेच होते ते.

"हे छापलंय ते खरं कशावरून?" त्याने विचारलं. आवाज चढलेला. एक शिपाई भिंतीपासून सुटा झाला.

बाईंनी पानाखालची टीप दाखवली. "त्यांच्याच नगरसभेची नोंद आहे. बुडवणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय."

ड्रायव्हरने टीप वाचली. पुन्हा वाचली. मग पान उलटून मागचं, सुताराने वाचलेलं पानही मनातल्या मनात वाचलं. यंत्रांची घरघर तेवढी येत होती. सुताराचे दोन्ही हात टेबलावर पालथे होते आणि बाईंची नजर त्या हातांवरून हलत नव्हती.

"हे आईला माहीत नव्हतं," सुतार आपण वाचलेल्या पानाकडे बघत म्हणाला.

ड्रायव्हरने मान वर केली. फाटलेला ओठ अजून पुरता भरला नव्हता. "तुझ्या आईबद्दल बोललो ते बोलायला नको होतं," तो म्हणाला.

सुताराच्या बोटांची पेरं पांढरी झाली. मग त्याने हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. "पुढचं वाच," तो म्हणाला.

माफ केलं असं तो म्हणाला नाही, पुढेही कधी नाही. दोघांची दोस्ती झाली नाही. नळावर अजूनही एक आला की दुसरा बादली उचलून बाजूला होई. पण वर्ग चालला. सुताराची सूट वाचली आणि परीक्षेच्या आधीच तो सुटला. पुढे त्याने अभ्यास सोडला की चालू ठेवला, बाईंना कळलं नाही. ड्रायव्हर धर्मसिद्धांतात नापास झाला. इतिहासात मात्र बरा निघाला आणि त्यानंतर फारच त्रासदायक विद्यार्थी झाला; दर वाक्याला कशावरून म्हणून विचारायचा आणि खालची टीप दाखवल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही.

ते पहिलं वाचन झालं त्या दिवशी बाई फाटकाबाहेर आल्या. मुलगी उठून उभी राहिली, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"वाचलं," बाई म्हणाल्या, आणि बस येईपर्यंत त्या बाकावर टेकून बसल्या.